खेड्यातील उपेक्षित मुलगी आणि विद्येचे बळ

आमच्या सिन्नर गावाची ओळख परगावच्या मनुष्यास करून देताना आपण त्यास प्रथम गोंदेश्वराचे यादवकालीन देवालय दाखवतो. ते पाहून तो माघारी वळला की आपले काम संपले असे आपणांस वाटते. परंतु ह्याच गावाच्या गल्ल्यांतून व आसपासच्या खेड्यांतून आणखी एक दृश्य पिढ्यान्‌पिढ्या दिसत आले आहे, व त्याकडे पाहुण्याचे तर नाहीच, पण आपलेही लक्ष सहसा जात नाही. ओसरीवर एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळीत बसलेली असते. आणि तिच्या शेजारी आठनऊ वर्षांची एक मुलगी टेंभुर्णीची पाने कापून देत असते. घरातला मुलगा त्याच वेळी दप्तर घेऊन शाळेस निघालेला असतो. मुलगी त्याच्याकडे क्षणभर पाहते व पुन्हा कात्रीकडे वळते. तिला कोणी रागावलेले नसते, कोणी मारलेले नसते. तिला फक्त कोणी विचारलेले नसते.

ह्या न विचारण्यालाच आम्ही उपेक्षा म्हणतो. पुष्कळांची अशी समजूत असते की, उपेक्षा म्हणजे छळ. ती खरी नव्हे. ज्या आईबापांना मुलगी जीव की प्राण असते, त्यांच्याही घरी तिची उपेक्षा होऊ शकते. कारण ती द्वेषातून निघत नाही, सवयीतून निघते. मुलगी म्हणजे परक्याचे धन, तिला शिकवून करावयाचे काय, हे वाक्य आजीने म्हटले, आईने ऐकले, व शेवटी ती मुलगी स्वतःही तेच म्हणू लागली. सर्वांत मोठी हानी ही शेवटची होय. दुसऱ्याने आपणांस कमी लेखले तर त्याचा प्रतिकार करता येतो. परंतु आपणच आपणांस कमी लेखू लागलो म्हणजे प्रतिकार करणारा उरतच नाही. विद्येचे पहिले काम ही समजूत मोडण्याचे आहे. ती कशी मोडते, हे आपल्याच जिल्ह्यातील एका कन्येच्या चरित्रावरून आम्ही वाचकांपुढे मांडणार आहो.

नाशिकजवळ गोदावरीच्या काठी जलालपूर नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे 1868 साली गोखल्यांच्या घरी एक मुलगी जन्मास आली. तिचे नाव मनकर्णिका. घरात तिला मनू म्हणत. वडिलांच्या मनावर सोवळ्याओवळ्याचा विलक्षण पगडा होता, व त्याचा जाच घरातील सर्वांस सोसावा लागे. अशा घरात मुलीच्या शिक्षणाचा विचार कोणाच्या मनास शिवणार? मनू शाळेत गेली नाही. वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास तिचे लग्न झाले, व मनूची लक्ष्मीबाई झाली. पती नारायण वामन टिळक हे पुढे थोर कवी म्हणून महाराष्ट्रास माहीत झाले. परंतु संसारात ते लहरी व तापट होते, आणि एका गावी स्थिर राहणे त्यांना माहीत नव्हते. त्यांच्याच हाताखाली, अधूनमधून व तुटकतुटक, लक्ष्मीबाई लिहावयास व वाचावयास शिकल्या. शाळा नाही, परीक्षा नाही, शिक्षकाच्या ठिकाणी शांती नाही. अशी ही विद्या! तरी तिने काय केले ते पाहावे.

1895 साली टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. पती एकीकडे व सारे गणगोत दुसरीकडे, कडेवर लहानगा मुलगा, अशा स्थितीत त्या काही वर्षे पतीपासून दूर राहिल्या. त्या काळात दुःख सांगावयास माणूस नव्हते, तेव्हा त्यांनी ते कवितेत सांगितले. पुढे त्या पतीकडे परत आल्या. परंतु पतीने धर्म बदलला म्हणून त्यांनी तो लगेच बदलला नाही. आपल्या जुन्या समजुती त्यांनी एकेक करून स्वतःच्या बुद्धीने तपासल्या, माणसामाणसांतील उच्चनीच भाव टाकून दिला, व मन पटल्यावरच 1900 साली बाप्तिस्मा घेतला. आमच्या शाळेत सर्व धर्मांची मुले-मुली शिकतात, म्हणून येथे स्पष्ट सांगतो की, कोणी कोणता धर्म मानावा हा आमच्या लेखाचा विषय नव्हे. विषय असा की, ज्या मुलीस लहानपणी कोणीच काही विचारले नाही, तीच मुलगी आयुष्यातील सर्वांत अवघड प्रश्नाचे उत्तर कोणाच्याही दडपणाखाली न येता स्वतः शोधती झाली. स्वावलंबन ते हेच.

1919 साली टिळक निवर्तले. त्यांनी आरंभिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिले होते. ते पुढे नेण्याचे काम लक्ष्मीबाईंनी अंगावर घेतले व त्याचा फार मोठा भाग स्वतः रचला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मचरित्र 1934 सालापासून भागाभागांनी प्रसिद्ध होऊ लागले. मराठी गद्यातील उत्तम ग्रंथांत त्याची गणना होते. त्यांची भाषा पुस्तकी नाही. ओसरीवर बसून एखाद्या आजीने नातवंडांस गोष्ट सांगावी तशी ती सरळ व हसरी आहे. स्वतःची फजिती त्या जितक्या मोकळेपणाने सांगतात, तितकी पंडितांनाही सांगता येत नाही. आणि आपल्या फजितीस हसता येणे हे आत्मविश्वासाचे फार मोठे लक्षण आहे. 1936 साली नाशिक येथे त्यांचे देहावसान झाले.

आता ह्या चरित्रापासून आपण काही बोध काढू. अक्षरओळखीने मनुष्यास धीर येतो तो कसा? आमच्या मते त्याचे तीन प्रकार आहेत.

पहिला प्रकार व्यवहाराचा. विड्यांची मजुरी हजारावर मिळते. किती विड्या दिल्या, त्यांतील किती वाईट म्हणून बाजूस काढल्या, किती पैसे जमा झाले, हे ज्या बाईस वाचता येत नाही, तिला दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवावा लागतो. तो शब्द खरा असेलही. परंतु खरा की खोटा हे तिला कळण्याचा मार्ग नसतो, व म्हणून ती बोलताना खाली पाहते. तिच्या मुलीस बेरीज-वजाबाकी आली म्हणजे तीच मुलगी हिशेबाच्या पुस्तकावर बोट ठेवून, “हा आकडा पुन्हा एकदा पाहा,” असे म्हणू शकते. धीटपणा तिला कोणी निराळा शिकवलेला नसतो. तो आकड्यातून आपोआप येतो. हीच गोष्ट बँकेची, दवाखान्यातील चिठ्ठीची व सात-बाराच्या उताऱ्याची. ज्या कागदावर आपण अंगठा उठवतो त्यात काय लिहिले आहे हे कळणे, ही स्वातंत्र्याची पहिली पायरी होय.

दुसरा प्रकार वाणीचा. दुःख सर्वांस असते, पण ते मांडता येणे ही विद्या आहे. पुण्यात जोतीराव व सावित्रीबाई फुले ह्यांच्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे ही मातंग समाजातील मुलगी. समाजाने तिच्या जातीस गावाबाहेर ठेवले होते. ह्या बालवयीन मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी एक निबंध लिहिला, व तो 1855 साली ‘ज्ञानोदय’ पत्रात छापून आला. थोड्याशा शिक्षणाने तिला जे साधले ते असे की, आपल्या लोकांवरील अन्याय तिने रडून न सांगता, विचारपूर्वक प्रश्न करून सांगितला. रडणाऱ्यास लोक दया दाखवतात. प्रश्न करणाऱ्यास मात्र उत्तर द्यावे लागते.

तिसरा प्रकार विचाराचा, व तो सर्वांत खोल आहे. वाचावयास शिकलेली मुलगी आपल्या गावापलीकडील माणसांस भेटते. आपल्यासारखीच दुसरी एक मुलगी होती, तिलाही लोक हसले, व तरीही ती उभी राहिली, हे तिला पुस्तकातून कळते. सावित्रीबाईंचेच पाहा. सातारा जिल्ह्यातील नायगाव ह्या खेड्यात 1831 साली त्यांचा जन्म झाला, नवव्या वर्षी लग्न झाले, व पतीच्या साहाय्याने त्या शिकल्या. 1848 साली पुण्यात मुलींची शाळा निघाली, तेव्हा त्या तिच्या शिक्षिका झाल्या. शाळेत जाताना त्यांच्या अंगावर चिखल-शेण फेकणारे लोक होते. परंतु त्यांनी वाट सोडली नाही. 1897 सालच्या प्लेगात रोग्यांची शुश्रूषा करता करता त्यांनी देह ठेवला. एका खेड्यातील मुलगी शिकली व तिच्यामागून किती मुलींची रांग लागली, ह्याची मोजदाद कोणी करावी?

ह्या कार्यात मिशनच्या शाळांचा वाटा लहान नव्हता, हे नमूद करणे आमचे कर्तव्य आहे. अमेरिकन मिशनने 1824 साली मुंबईत मुलींची शाळा उघडली. मिस सिंथिया फरार ह्या 1827 साली अमेरिकेतून येथे आल्या, व पुढे अहमदनगर येथे त्यांनी मुलींच्या शाळा चालवल्या. त्यांचे काम पाहून जोतीरावांस स्फूर्ती झाली. परंतु केवळ शाळा उघडून भागत नाही. शाळेच्या दाराशी मुलीस आणून सोडणारा कोणी तरी घरात असावा लागतो. ह्या ठिकाणी आम्ही पालकांस दोन शब्द सांगू इच्छितो.

पालकांच्या शंका आम्ही ऐकल्या आहेत, व त्या हसण्यावारी नेण्याजोग्या नाहीत. शिकलेली मुलगी उद्धट होईल, असे कित्येकांस वाटते. आमचा अनुभव निराळा आहे. उद्धटपणा हा बहुधा भित्रेपणाचा मुखवटा असतो. ज्यास आपली किंमत ठाऊक आहे त्यास आवाज चढवण्याची गरज पडत नाही. लक्ष्मीबाई आपल्या घरी आलेल्या पोरक्या मुलांच्या आई झाल्या. बालकवी ठोंबऱ्यांसारख्या तरुण कवीसही त्यांच्या घरी माया मिळाली. विद्येने त्यांचे घर मोडले नाही, मोठे केले. दुसरी शंका वाटेची. शाळा दूर, रस्ता ओसाड, दिवस वाईट, हे खरे आहे. परंतु त्यावर उपाय मुलीस घरी बसवणे हा नव्हे. चार घरच्या मुलींनी मिळून जावे, मोठ्यांनी पाळीपाळीने सोबत करावी. ग्रामीण विद्यार्थिनींस एस. टी. ने शाळेत विनामूल्य जाता यावे म्हणून अहिल्याबाई होळकरांच्या नावाची योजना आहे, तिचा लाभ घ्यावा. तिसरी शंका पैशाची. 2010 सालच्या 1 एप्रिलपासून सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास विनामूल्य शिक्षणाचा हक्क कायद्याने मिळाला आहे, व विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्र सरकारच्या शिष्यवृत्त्या आहेत. शाळेत येऊन विचारावे. अर्ज भरून देण्यास आम्ही केव्हाही तयार आहो.

मुलगी चौदा वर्षांची झाली की मात्र खरा कसोटीचा प्रसंग येतो. त्या वेळी स्थळे येऊ लागतात. 2006 सालच्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांच्या आत मुलीचा विवाह करणे हा गुन्हा आहे, हे सर्वांस ठाऊक आहे. तरीही आठवी-नववीच्या वर्गातील एखादे बाक दिवाळीनंतर रिकामे का होते, हे विचारण्याचे धैर्य आपणांस होत नाही. 2011 सालच्या शिरगणतीत महाराष्ट्रातील पुरुषांपैकी शेकडा सुमारे 88 साक्षर होते, तर स्त्रियांपैकी शेकडा सुमारे 76. हे अंतर अशाच रिकाम्या बाकांनी झालेले आहे. ते बाक भरलेले राहावे, एवढेच आमचे मागणे आहे.

आता विद्यार्थिनींनो, थोडे तुमच्याविषयी. पुस्तके पाठ करून गुण मिळवणे म्हणजे विद्या, असे समजू नका. लक्ष्मीबाईंस कोणी प्रशस्तिपत्र दिले नव्हते. जे वाचाल ते स्वतःच्या बुद्धीस विचारून पाहा. न समजल्यास वर्गात उभे राहून विचारा. चुकलात तर हसा, पण बसून राहू नका. आणि सुटीत घरी गेलात म्हणजे आईस तिचे नाव लिहावयास शिकवा. अंगठ्याच्या जागी तिने पहिली सही केली, म्हणजे तिच्या चेहऱ्यावर जो भाव दिसेल, तो हा सारा लेख वाचूनही तुम्हांस कळणार नाही. विद्यार्थ्यांनो, तुम्हांसही सांगावयाचे आहे. बहीण भांडी घाशीत असता तुम्ही अभ्यासास बसत असाल, तर अर्धी भांडी तुम्ही घ्या, म्हणजे अर्धा कंदील तिच्या वाट्यास येईल.

शुभवर्तमानात एक दृष्टांत आहे. धन्याने सोपवलेले द्रव्य एका चाकराने भीतीने जमिनीत पुरून ठेवले. ते हरवले नाही, पण वाढलेही नाही, आणि धन्यापुढे त्यास खाली मान घालावी लागली. आपल्या घरातील मुलीस देवाने जी बुद्धी दिली आहे, ती आपण पुरून ठेवणार की वाढवणार, हा प्रश्न सिन्नरच्या प्रत्येक ओसरीपुढे आहे. जलालपूरच्या मनूस कोणी विचारले नव्हते. आपल्या ओसरीवरच्या मुलीस आज संध्याकाळी एकदा विचारून पाहावे: “बाळ, आज शाळेत काय शिकलीस?” तिने उत्तर देण्यास तोंड उघडले, म्हणजे काम सुरू झाले असे समजावे.