घरची मैलाटाकी आणि आत उतरणारा माणूस

आपल्याकडे सेप्टिक टँकला सर्रास 'सेफ्टी टँक' म्हणतात. पूर्वी मला या अपभ्रंशाचे हसू येई. परंतु ११ मे २०२३ रोजी शेजारच्या परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातील भाऊचा तांडा येथे एका आखाड्यावरची अशीच टाकी साफ करताना पाच मजूर गुदमरून मेले. तेव्हापासून हसू येत नाही.

टाकीच्या आत काय घडते हे आपणा शिकलेल्यांनाही माहीत नसते. मैल्याचा जड भाग तळाशी बसून गाळ होतो, हलका व तेलकट भाग वर साय धरतो आणि मधले पाणी शोषखड्ड्यात जाते. हवा नसलेल्या त्या अंधारात जिवाणू गाळ कुजवतात. त्यातून मिथेन, कार्बन डायऑक्साइड व हायड्रोजन सल्फाइड हे वायू निघतात. यातला शेवटचा फार कपटी. थोडा असला की सडक्या अंड्यासारखा वास येतो. वाढला की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. 'वास गेला, आता उतर' असे वरून सांगितले जाते ते कित्येकदा नेमके याच वेळी! आत गाळ ढवळला की त्यात कोंडलेला वायू एकदम सुटतो. पहिला कोसळतो, त्याला काढायला भाऊ उतरतो, मग तिसरा. तोंडाला बांधलेला रुमाल वायू अडवीत नाही आणि आत पुरेसा प्राणवायूही नसतो.

मग माणूस उतरवावा का लागतो? गाळ व साय मिळून टाकी अर्धी भरण्याच्या आत, म्हणजे साधारण दर दोन-तीन वर्षांनी, उपसा केला तर गाळ पातळ असतो, गाडीच्या नळीतून निघतो. दहा-पंधरा वर्षे विसरलो की तो तळाशी घट्ट बसतो. तोवर झाकणावर फरशी आलेली असते. त्यातून आमच्या लातूरच्या काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, शोषखड्डा तुंबतो आणि दोष टाकीला लागतो. काहीजण टाकी भरूच नये म्हणून तिचा तळच बांधत नाहीत, आणि जवळच बोअर घेतात! २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागलेल्या शहरात हे चालते.

गेल्या वर्षी माझ्या घरची टाकी तुंबली. मिस्त्री म्हणाला, "सर, गाडीवाला जास्त घेईल. माझ्याकडे एक पोरगा आहे, तो उतरतो. दोन हजार आणि एक क्वार्टर द्या." माझ्या आजोबांनी गावची मेलेली ढोरे ओढली. मी घरातला पहिला पदवीधर; वर्गात बाबासाहेबांची श्रेणीबद्ध विषमता शिकवतो. तरीही मी आधी "दीड हजारात होईल का?" असे विचारले, आणि नकार नंतर दिला. तो पोरगा कोणत्या जातीचा, हे विचारण्याची गरज मला पडली नाही.

२०१३ च्या कायद्याप्रमाणे संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणे हा गुन्हा आहे. पहिल्या वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा 'कोणतीही व्यक्ती' म्हणतो. त्यात घरमालक आलाच, मग तो चळवळीतला का असेना. मृताच्या वारसांना सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली दहा लाख आणि २०२३ साली तीस लाख भरपाई ठरवली. पण तोंडी ठरवून नेलेल्या मजुराच्या बायकोकडे साधी चिठ्ठीही नसते. गावोगावच्या कार्यकर्त्यांनी अशा मृत्यूत 'अपघात' एवढीच नोंद होऊ देऊ नये, हा कायदा लावायला भाग पाडावे.

घरापुरते सांगायचे तर झाकण मोकळे ठेवावे, वायुनळी छताच्या वर न्यावी व तिला जाळी लावावी. अॅसिड व फिनेल फार ओतू नये, जिवाणू मरतात. कापड, पॅड टाकू नये. झाकण उघडल्यावर काडी ओढू नये; मिथेन पेटतो. उपसताना थोडा जुना गाळ राहू द्यावा, त्यातले जिवाणू पुढचे काम सुरू करतात. कोणी आत पडलाच तर मागोमाग उतरू नये, अग्निशामक दलाला बोलवावे.

आमच्याकडे झाकण सापडायला व्हरांड्यातली चार फरशा फोडाव्या लागल्या. गाळ घट्ट झाला होता. वरून पाणी सोडत, लांब बांबूने ढवळत गाडीवाल्याने दोन खेपांत तो ओढला. उपशाची तारीख मी मीटरच्या पेटीवर रंगाने लिहून ठेवली आहे.