रबराला कोणतं तेल लावायचं? बंदी संपण्याआधी एवढं वाचा

३१ जुलैला गोव्यातली मासेमारी बंदी संपते. तोपर्यंत इंजिनाची कामं उरकायची घाई सगळ्यांनाच. त्या घाईत एक चूक आपल्याकडून हमखास होते: रबराचा भाग बसत नाही म्हटलं की हाताला लागेल ते ग्रीस फासायचं.

लोखंडाला ग्रीस चालतं, प्रत्येक रबराला नाही. काही रबर खनिज तेल शोषून फुगतं, मऊ पडतं. जेटीवर हे कळत नाही. कळतं ते भर समुद्रात, इंजिन तापल्यावर.

म्हणून आपण असं करूया:

• समुद्राचं पाणी ओढणाऱ्या पंपाचा इम्पेलर: ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी. पाती फिरण्याच्या दिशेप्रमाणे वळवून बसवा. पाण्याशिवाय इंजिन चालवू नका, कोरडा इम्पेलर बघता बघता जळतो.

• कूलंटचे पाइप (बहुतेक ईपीडीएम रबराचे): साबणाचं पाणी. तेल, ग्रीस, डिझेल अजिबात नको.

• ऑइल फिल्टरची रिंग: हे रबर तेलासाठीच बनवलेलं. स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवलं की पुरे.

• सिलिकॉन ग्रीस: बहुतेक रबरांना चालतं, पण सिलिकॉनच्याच रबराला लावू नका.

इंजिन सुरू केल्यावर थंड करणाऱ्या पाण्याची धार बाहेर पडते का, ते बघूनच जेटी सोडा. ग्लिसरीनची बाटली औषधाच्या दुकानात मिळते. बंद पडलेली बोट ओढून आणायची वेळ आली, तर दोन बोटींचा दिवस फुकट जातो.