चेंडूला जमीन कळते!

कोडं घाला म्हणता? हे घ्या. टेनिसचा सेट सहा गेमचा. मग १०-८ असा सेट कसा काय झाला?

हा सेट जिंकला मुंबईच्या लीला राव यांनी, १९३४ साली, थेट विम्बल्डनला! समोर होत्या ग्लॅडिस साउथवेल. पहिला सेट लीलाताईंनी ४-६ असा गमावला. दुसरा काही केल्या संपेना. तेव्हा टायब्रेक, म्हणजे बरोबरी झाली की सेटचा निकाल लावणारा खास गेम, नव्हता. कुणीतरी दोन गेम पुढे जाईपर्यंत खेळतच राहायचं. अठरा गेम झाले तेव्हा कुठे सेट हाती आला. तिसरा मात्र ६-२, झटपट! विम्बल्डनमध्ये सामना जिंकणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. पुढच्या फेरीत फ्रान्सच्या इडा अ‍ॅडमॉफ यांनी त्यांना हरवलं. लीलाताईंच्या आई क्षमा राव संस्कृत कवयित्री, आणि टेनिसही खेळायच्या बरं का!

आता खरी गंमत. विम्बल्डनला खेळतात गवतावर, पॅरिसच्या फ्रेंच ओपनमध्ये लाल मातीवर. ही लाल माती म्हणजे विटांचा बारीक चुरा. त्याचा थर जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा, पण करामत केवढी! गवतावर टप्पा पडला की चेंडू ओल्या फरशीवरून चप्पल सटकावी तसा सुळकन पुढे जातो, फारसा उसळत नाही. विटांच्या चुऱ्यावर घर्षण जास्त. तिथे चेंडूचा वेग मंदावतो आणि तो उंच उसळतो. म्हणजे जमीन बदलली की खेळही बदलायला हवा. फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन लाल मातीवर खेळून मोठ्या झाल्या, तरी १९१९ ते १९२५ या काळात त्यांनी विम्बल्डनचं एकेरी विजेतेपद सहा वेळा पटकावलं!

पनवेलच्या दोस्तांनो, आता तुमची पाळी. भिंतीशी मोजपट्टी उभी धरा. टेनिसचा चेंडू १०० सेंटिमीटरवरून नुसता सोडा, फेकायचा नाही. गच्चीच्या स्लॅबवर नवा चेंडू साधारण ५३ ते ५८ सेंटिमीटर उसळेल; टेनिसचे नियमच चेंडूकडून साधारण याच प्रमाणातल्या उसळीची अपेक्षा करतात. मग तोच चेंडू मैदानातल्या गवतावर सोडा. तिथली मऊ माती दबते आणि चेंडूची बरीचशी ऊर्जा जिरवून टाकते. पावसाळ्यातल्या ओल्या मातीवर आणि मे महिन्यातल्या टणक मातीवरही मोजून पाहा. प्रत्येक ठिकाणी पाच-पाच वेळा मोजा, आकडे वहीत मांडा आणि फरक का पडला ते आधी स्वतः शोधा. मोठ्यांना नंतर विचारा!