हार्वर्डची पटनम फेलोशिप

विल्यम लॉवेल पटनम पारितोषिक फेलोशिप हार्वर्ड विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी दिली जाते. तिचा मानकरी ठरतो अमेरिका आणि कॅनडातील पदवीपूर्व विद्यार्थ्यांच्या पटनम गणित स्पर्धेतून. पहिल्या पाचांना ‘पटनम फेलो’ म्हणतात. त्यांतल्या एकालाच हार्वर्डची ही फेलोशिप मिळते.

पटनम गणिती नव्हते. १८८२ साली हार्वर्डमधून पदवी घेतलेल्या या गृहस्थांना एकच गोष्ट खटके: मैदानात महाविद्यालयासाठी घाम गाळणाऱ्यांचा जयजयकार होतो, अभ्यासात मात्र जो तो आपल्यापुरता. विद्यापीठांनी संघ करून अभ्यासातही झुंजावे, असे त्यांनी १९२१ मध्ये एका लेखात सुचवले. त्यांच्या पश्चात १९२७ मध्ये पत्नी एलिझाबेथ यांनी स्मृतिनिधी उभारला. १९३३ मध्ये हार्वर्डचे दहा विद्यार्थी आणि वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीचे दहा कॅडेट यांच्यात गणिताचा सामना झाला. जिंकले कॅडेट. हार्वर्डची जिरली खरी, पण कल्पना तगली. एलिझाबेथ यांच्या निधनानंतर मुलांनी गणिती जॉर्ज बर्कहॉफ यांचा सल्ला घेतला आणि १९३८ पासून मॅथेमॅटिकल असोसिएशन ऑफ अमेरिकेने स्पर्धा हाती घेतली.

पहिल्या वर्षी टोरांटोचा संघ अव्वल आला. त्यातला आयर्विंग कॅप्लान्स्की फेलोशिप घेऊन हार्वर्डला गेला, सॉन्डर्स मॅक लेन यांच्याकडे १९४१ मध्ये डॉक्टरेट झाला आणि पुढे बीजगणितातले मोठे नाव ठरला.

सहा तासांच्या परीक्षेवरून वर्षानुवर्षांच्या संशोधनाची पात्रता कशी ठरवायची, हा आक्षेप रास्त आहे; झटपट सुचणे म्हणजे संशोधन नव्हे. पण उत्तरपत्रिका तपासण्याची रीत पाहिली की आक्षेपाची धार थोडी बोथट होते. डिसेंबरातल्या एका शनिवारी तीन-तीन तासांच्या दोन बैठका, प्रत्येकीत सहा प्रश्न, प्रत्येकी दहा गुण. सिद्धता जवळपास पूर्ण असेल तर आठ ते दहा, नाहीतर शून्य ते दोन. मधले गुण जवळजवळ मिळतच नाहीत. नुसते बरोबर उत्तर लिहून भागत नाही. म्हणून एकशेवीसपैकी मध्यक गुण अनेकदा शून्य किंवा एक असतो. अर्धवट युक्तिवादाला संशोधनातही फारसे मोल नसते, त्यामुळे ही कंजुषी उचितच म्हणावी.

फेलोशिपमध्ये ट्यूशन फी आणि त्याशिवाय बारा हजार डॉलरपर्यंत रक्कम मिळते. पदवीचा अभ्यास शिल्लक असलेल्या विजेत्याला तो पुरा करून मग हार्वर्डला जाण्याची मुभा आहे.