खासगी तळ्यांतील जलपर्णी

सर्व उदार व्यापारी व जमीनदार गृहस्थांस विनंति कीं, दुष्काळांत तळें उन्हानेंच नव्हे, जलपर्णीनेंही आटतें. मूळची दक्षिण अमेरिकेंतील ही वनस्पति (फूल मोहक खरें) अनुकूल हवेंत पंधरवड्यांत दुप्पट होते व उघड्या पाण्याहून अधिक पाणी हवेंत उडविते. जेऊरनजीकच्या उजनी जलाशयांत तिचा उपद्रव सर्वांस परिचित आहे. तेथून आलेलें एकच रोप तळ्यास पुरे, मालकी हक्क तें जाणत नाहीं.

फुलण्यापूर्वीं, वाऱ्यानें ती एका काठास लोटली असतां, दोरानें वेढून मुळांसकट ओढावी. ढीग काठापासून दूर कुजवावा. बीं चिखलांत अनेक वर्षें जगतें, म्हणून पुढील वर्षींही पहावें. गुरें पितात तेथें विषारी औषध नको.

आम्हांस मालकांची लेखी परवानगी व मजुरीपुरता पैसा हवा. ती मजुरी दुष्काळग्रस्तांच्याच हातीं पडेल.