लेहला जाताना कापराची पोटली पुरत नाही

उन्हाळ्यात लेहच्या गोंपा पाहायला निघणाऱ्यांच्या पिशवीत कापूर-ओव्याची पोटली हमखास असते. आपले चंद्रपूर समुद्रसपाटीपासून दोनशे मीटरच्या आतबाहेर, लेह साडेतीन हजारांवर. तिथे एका श्वासात प्राणवायू कमी मिळतो. डोके दुखते, मळमळते, झोप लागत नाही. कापराने नाक मोकळे वाटते एवढेच. रक्तातला प्राणवायू वाढत नाही. लहान मुलाने तो गिळला तर झटके येतात. लसणाचे सूप खुशाल प्या, भरवसा ठेवू नका. जिंकगोच्या पाल्याच्या गोळ्या नेपाळात तपासल्या, त्या औषध नसलेल्या गोळीपेक्षा सरस ठरल्या नाहीत. उपयोग होतो तो अ‍ॅसिटाझोलामाइडचा. ती डॉक्टरांना विचारूनच घ्यावी, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर आधी सांगावे. आणि पोचल्यावर दोन दिवस आराम.

2018 साली चंद्रपूरच्या आश्रमशाळांतली पाच आदिवासी मुले एव्हरेस्टवर पोचली, तीही सराव करून, टप्प्याटप्प्याने चढूनच.

मला खरी काळजी सिकलसेलची. आपल्या समाजात आणि आदिवासींत तो पिढ्यान्‌पिढ्या आहे. 'एसएस' असेल त्याने इतक्या उंचीवर जाऊच नये. 'एएस' माणूस एरवी ठणठणीत, रोजमजुरी करणारा; पण उंचीवर त्याच्याही प्लीहेचा रक्तपुरवठा अडू शकतो. डाव्या बरगडीखाली जोराची कळ आली, बसल्या जागी दम लागला किंवा चालताना झोक जाऊ लागला, तर काढा उकळत बसू नका. ऑक्सिजन द्या, खाली उतरवा, दवाखाना गाठा.

सिकलसेलची तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. तिकीट काढायच्या आधी घरातल्या सगळ्यांची करून घ्या.