‘टिक्’ वाजली म्हणजे रिले चांगला?

मंडळी, आपल्याकडे जीपचा हेडलाइट लागेनासा झाला की रिले काढतात आणि बॅटरीला लावून पाहतात. ‘टिक्’ वाजलं की निकाल लागला: रिले ठीक आहे, भानगड दुसरीकडे. आम्ही आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं, म्हणून विचारतो, या ‘टिक्’वरून नेमकं सिद्ध काय होतं?

रिलेच्या डबीत दोन वेगळ्या वाटा असतात. ८५ आणि ८६ या पिनांमध्ये कॉइल. बटण दाबलं की तिच्यातून थोडासा करंट जातो, चुंबक तयार होतं आणि पत्ती ओढली जाते. पत्ती ३० ला ८७ शी जोडते. दिव्याचा मोठा करंट तिथून वाहतो. ‘टिक्’ हा पत्तीचा आवाज. म्हणजे कॉइल शाबूत आहे, पत्ती हलते, एवढंच कळलं. पॉइंट जळलेले असले तरी आवाज तसाच येतो.

न्यायशास्त्रात याला सव्यभिचार हेतू म्हणतात. अग्नीशिवाय धूर नसतो, म्हणून धुरावरून अग्नी ओळखता येतो. ‘टिक्’ मात्र चांगल्या रिलेतही वाजते, बिघडलेल्यातही.

मग तपासायचं कसं? आधी मल्टिमीटरने कॉइल मोजा. १२ व्होल्टच्या रिलेत साधारण ५० ते १२० ओहम दिसतात. काहीच दिसलं नाही तर कॉइल तुटली. नंतर कॉइलला १२ व्होल्ट द्या. ३० आणि ८७ जुळले पाहिजेत, आणि सप्लाय काढताच सुटले पाहिजेत. सुटले नाहीत तर पॉइंट चिकटलेत. एक सांभाळा: काही रिलेंत आत डायोड असतो, म्हणून डबीवरची आकृती पाहूनच प्लस-मायनस जोडा.

इथं बरेच जण थांबतात. पण मीटरचा स्वतःचा करंट अगदी किरकोळ. जळका पॉइंटही तेवढ्याला वाट देतो. म्हणून फ्यूज घालून ५५ वॉटचा बल्ब रिलेतून पेटवा. साडेचार अँपिअर वाहत असताना ३० आणि ८७ च्या मध्ये व्होल्टेज मोजा. एक-दोन दशांश व्होल्ट असेल तर ठीक. एखादा व्होल्ट दिसला तर रिले बदला, ‘टिक्’ कितीही खणखणीत असो.

रात्री पेशंट घेऊन चिचगडहून देवरीला निघालेल्या जीपचा दिवा जंगलात गेला, तर ‘टिक् वाजली होती’ हे कुणाला सांगणार? जे काम करून घ्यायचं, तेच काम देऊन परीक्षा घ्यावी.